मुंबईला वळसा घालणारी मालवाहू रेल्वे

पाचूबंदर, किल्लाबंदर, वसई गाव या भागातले लोक रिक्षाने किंवा बसने वसई रोड स्टेशन गाठतात, तेव्हा त्यांना दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला प्रश्न असा की, स्टेशनाजवळच्या रुळांवर एवढ्या लांबलचक मालगाड्या येतात कुठून, जातात कुठे, आणि वसईचा माल त्यांत कधीच का नसतो? दुसरा प्रश्न गणपतीला कोकणात जाणाऱ्यांचा. वांद्र्याहून मडगावला निघालेली गाडी वसई रोडला थांबते, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागते आणि गाडी आल्या दिशेने परत निघते. असे का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच मार्गात आहे. तो मार्ग म्हणजे वसई रोड–दिवा–पनवेल. मुंबईच्या नकाशात तो ठळक दिसत नाही, कारण त्याचे काम मुंबईत शिरण्याचे नाही. मुंबई टाळण्याचे आहे.

१. दोन रेल्वे आणि मधली खाडी

मुंबईतून बाहेर पडणारे दोन मोठे लोहमार्ग दोन वेगळ्या कंपन्यांनी बांधले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे हा मार्ग कल्याणला पोचला आणि तिथून त्याचे दोन फाटे झाले. एक कसारा घाटातून नाशिककडे गेला, दुसरा बोरघाटातून पुण्याकडे. आज त्याला आपण मध्य रेल्वे म्हणतो.

दुसरी कंपनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची ‘बीबी अँड सीआय’. तिने गुजरातेत काम सुरू केले आणि रूळ दक्षिणेकडे आणत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचवले. वाटेत वैतरणा आणि वसईची खाडी ओलांडावी लागली. वसईच्या स्टेशनाचे तेव्हाचे नाव ‘बसीन रोड’. आजही रेल्वेच्या कागदोपत्री वसई रोडची खूण ‘बीएसआर’ हीच आहे.

दोन्ही मार्गांची रुंदी एकच होती. तरीही गुजरातेतून आलेला माल कल्याण-पुण्याकडे वळवायचा तर तो आधी मुंबईत आणावा लागे. पश्चिमेचा मार्ग खाडीच्या या बाजूने, मध्य रेल्वेचा त्या बाजूने, आणि दोघांची गाठ पडे ती थेट दादरच्या आसपास. उत्तर आणि मध्य भारतात जाणाऱ्या मालाला सुरत–भुसावळचा पर्याय होता. पुणे, रायगड किंवा बंदराकडच्या मालाला मात्र मुंबईच्या बेटावरूनच फिरून जावे लागे.

२. होडीची जुनी वाट

रेल्वे येण्यापूर्वी ही अडचण नव्हती. उल्हास नदी कल्याणवरून खाली येते आणि ठाण्याजवळ तिचे दोन फाटे होतात. मोठा फाटा घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. या खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या शेजारी पाचूबंदर आहे. कल्याण हे जुने बंदर. तिथला माल भरतीओहोटीच्या वेळा साधून होड्यांनी खाली येई आणि मुखाशी मोठ्या गलबतांत चढे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, त्यामागे या खाडीवरचा ताबा हे मोठे कारण होते. वसई ज्याच्याकडे, त्याच्याकडे कल्याणच्या वाटेची किल्ली.

रेल्वे आल्यावर मालाचे तोंड मुंबईच्या गोदीकडे वळले आणि वसई–कल्याण हा आडवा प्रवास मागे पडला. तो पुन्हा जोडायला शंभराहून अधिक वर्षे गेली. जोडला तेव्हा रूळ खाडीच्या उत्तर काठच्या बाजूनेच टाकले गेले.

३. बेचाळीस किलोमीटरची जोडणी

हा मार्ग तुकड्यातुकड्याने तयार झाला. दिवा ते पनवेल हा सुमारे २६ किलोमीटरचा भाग १९६०च्या दशकात झाला. तिथून रूळ आपट्यापर्यंत आणि उरणकडे गेले. १९८६ मध्ये ते रोह्याला पोचले. याच दशकात वसई रोड ते दिवा हा सुमारे ४२ किलोमीटरचा दुवा वाहतुकीला खुला झाला. पुढे रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो संपूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला.

वसई रोड सोडल्यावर पहिले स्टेशन जूचंद्र. रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून ते महाराष्ट्रभर माहीत आहे. एका बाजूला चंडिकादेवीची टेकडी, दुसऱ्या बाजूला नायगावकडची मिठागरे. पुढे कामण रोड, खारबाव आणि भिवंडी रोड. नंतर उल्हास नदी ओलांडून गाडी कोपरला येते. इथे हा मार्ग मध्य रेल्वेच्या डोक्यावरून जातो, म्हणून प्रवासी या फलाटांना ‘वरचे कोपर’ म्हणतात. त्यापुढे एक वाट दिव्यावरून तळोजे, कळंबोली, पनवेलला जाते आणि दुसरी कल्याणवरून पुण्याकडे. गुजरातमधून पुण्याला किंवा कोकणात जाणाऱ्या गाड्या मुंबईत न शिरता जातात त्या अशा.

एवढा खटाटोप कोणासाठी? तर मुख्यतः बंदरासाठी. मुंबईची गोदी शहरात कोंडली गेली, म्हणून समोरच्या तीरावर न्हावाशेवा येथे नवे बंदर बांधले. मे १९८९ मध्ये सुरू झालेले हे बंदर आज जेएनपीए या नावाने ओळखले जाते. तिथे उतरलेला कंटेनर गुजरात, राजस्थान किंवा दिल्लीकडे रेल्वेने न्यायचा तर पनवेल–दिवा–वसई हीच सरळ वाट. तिच्यावर कळंबोलीचे पोलाद आले, पेणजवळच्या कारखान्यांचा माल आला, थळचे खत आले.

४. इंजिन का फिरते?

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वसई रोडला तीन वाटा मिळतात: उत्तरेला विरार-सुरत, दक्षिणेला नायगाव-मुंबई आणि पूर्वेला जूचंद्र-दिवा. पूर्वेची वाट स्टेशनाच्या दक्षिण टोकाकडून फुटते. सुरतेहून आलेली मालगाडी स्टेशनात शिरते, सरळ पुढे जाते आणि डावीकडे वळून जूचंद्रला पोचते. तिला उलटे फिरावे लागत नाही.

मुंबईहून आलेली गाडी मात्र नायगाव ओलांडून दक्षिणेकडून स्टेशनात येते. जूचंद्रची वाट तोवर तिच्या मागे पडलेली असते. म्हणून इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, ब्रेकची चाचणी घ्यायची आणि परत दक्षिणेला निघायचे.

मार्ग आखणाऱ्यांनी ही सोय ठेवायला हवी होती, असे वाटणे साहजिक आहे. पण हा दुवा आखला गेला गुजरातच्या मालासाठी. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून कोणी याच वाटेने कोकणात जाईल, हा विचार तेव्हा नव्हता. २९ ऑगस्ट २०२४ रोजी वांद्रे टर्मिनस–मडगाव गाडी सुरू झाली आणि ही उणीव हजारो प्रवाशांच्या नजरेस आली. नायगाव आणि जूचंद्र थेट जोडणारा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा दुहेरी रूळ हा यावरचा उपाय. तो झाला की मुंबईहून येणारी गाडी वसई रोडला न जाता परस्पर वळेल.

५. मालगाडी वाचायची कशी?

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. तिच्या अंगावर इंग्रजी अक्षरे रंगवलेली असतात. ती ओळखता आली की आत काय आहे याचा अंदाज बांधता येतो. ‘बॉक्सएन’ म्हणजे वरून उघडी वाघीण, कोळसा किंवा खनिजासाठी. ‘बीसीएन’ म्हणजे छप्पर आणि दारे असलेली, धान्य, सिमेंट, खतासाठी. ‘बीटीपीएन’ ही इंधनाची आडवी टाकी. ‘बीआरएन’ ही सपाट, पोलादासाठी. आणि ‘बीएलसी’ ही बुटकी, नुसत्या सांगाड्यासारखी वाघीण कंटेनरसाठी. तिच्याजवळ उभे राहून पाहिले तर कंटेनरच्या खालच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या दिसतात. त्यांच्यावरच तो अडकलेला असतो. साखळदंड किंवा दोरखंड कुठेच नसतो. सर्वात शेवटी ‘एलव्ही’ लिहिलेली पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्ये तुटून मागे राहिलेली नाही, अशी स्टेशनमास्तरांची खात्री पटते.

आता थोडा हिशेब करू. एका बीसीएन वाघिणीत साधारण साठ टन माल मावतो. ४२ वाघिणींची एक पूर्ण गाडी, म्हणजे रेल्वेच्या भाषेत एक ‘रेक’, अडीच हजार टन माल नेते. पाचूबंदरच्या धक्क्यावर मासळी भरणारा टेम्पो दोन टनांचा धरला, तर एका रेकला साडेबाराशे टेम्पो लागतील.

वसईचा माल मालगाडीत का दिसत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे. रेल्वेला एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारा, एका प्रकारचा, अडीच हजार टन माल हवा असतो. कोळीवाड्यातल्या बोंबलाला, वसईच्या भाजीला आणि फुलांना पहाटे दहा बाजारांत थोडे थोडे पोचायचे असते. फुलवाले म्हणूनच लोकलने दादर गाठतात आणि मासळी टेम्पोने जाते. रेल्वेने वसईवर अन्याय केला, असा याचा अर्थ नाही. मोठा माल आणि किरकोळ माल यांची गणितेच वेगळी आहेत.

या दोहोंच्या मधला एक रस्ता भिवंडीत सापडला. भिवंडीच्या परिसरात ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांची प्रचंड गोदामे उभी राहिली. २०२०च्या टाळेबंदीनंतर भिवंडी रोड स्टेशनातून पार्सलगाड्या सुटू लागल्या. त्या आसामात गुवाहाटीजवळच्या आझरापर्यंत आणि बंगालमधल्या सांकराईलपर्यंत जाऊ लागल्या. ज्या स्टेशनावर मोजक्या प्रवासी गाड्या थांबत, ते मध्य रेल्वेचे महत्त्वाचे पार्सल केंद्र झाले.

६. मग ती थांबून का राहते?

मालगाडी बऱ्याचदा तासन्‌तास उभी दिसते. ती मंद असते म्हणून, असा समज आहे. तो अर्धाच खरा.

पाचूबंदरच्या गल्लीत बर्फाने भरलेला टेम्पो शिरला की मागच्या स्कूटरवाल्यांचे काय होते, ते आठवा. टेम्पो हळू चालतो एवढीच अडचण नसते. त्याला बाजूला घ्यायला जागा नसते, ही खरी अडचण. रेल्वेतही पुढे जायचे तर फक्त ठरलेल्या ठिकाणी, जिथे मुख्य रुळाला समांतर दुसरा रूळ असतो तिथे. त्याला लूप लाइन म्हणतात. आपल्याकडे तिची लांबी साधारण पावणेसातशे मीटर, म्हणून मालगाडीही त्यात मावेल एवढीच लांब ठेवतात. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर भरते. म्हणजे एक मालगाडी अडीच लोकलएवढी.

वसईच्या उत्तरेला गाठ घट्ट बसते. विरार ते डहाणू फक्त दोन रूळ आहेत. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. त्याच रुळांवर मेमू, मेल-एक्स्प्रेस आणि राजधानीही धावतात. या सगळ्यांच्या मधली फट सापडेपर्यंत मालगाडीने लूपमध्ये थांबायचे, असा नियम. एकदा थांबलेली तीन-चार हजार टनांची गाडी पुन्हा वेग घेईपर्यंत आणखी मिनिटे जातात. विरार–डहाणू तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचे ६४ किलोमीटरचे काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात चालू आहे, ते याचसाठी.

७. प्राणवायूची परीक्षा

या मार्गाची किंमत देशाला कळली एप्रिल २०२१ मध्ये. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राला वैद्यकीय प्राणवायू कमी पडला. तो होता विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात. रिकामे टँकर रेल्वेवर चढवून न्यायचे ठरले. कळंबोलीला चोवीस तासांत उतार बांधला गेला आणि १९ एप्रिलला सात टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस निघाली.

प्रश्न उंचीचा होता. टँकर ३३२० मिलिमीटर उंच, ज्या सपाट वाघिणीवर तो चढवायचा ती १२९० मिलिमीटर उंच. बेरीज ४६१० मिलिमीटर, म्हणजे ४.६१ मीटर. एवढी उंच गाडी बोगदे, पुलांच्या कमानी आणि विजेच्या तारा यांखालून जाईल का, हे इंचाइंचाने पाहावे लागले. मुंबई विभागातल्या घाटांत ते जमणारे नव्हते. म्हणून गाडी पूर्वेला जायची असूनही आधी उत्तरेला, दिव्यावरून वसईला आली आणि सुरत, भुसावळ, नागपूर या वाटेने गेली. सुमारे १८५० किलोमीटर तिने पन्नास तासांहून थोड्या अधिक वेळात कापले. परतीत शंभर टनांहून अधिक प्राणवायू आला. तीन टँकर नागपूरला उतरले, उरलेले चार २४ एप्रिलला सकाळी नाशिकला पोचले.

८. शेजारची नवी वाट

मालगाडी आणि प्रवासी गाडी एकाच रुळावर चालवण्याचा तिढा सोडवायचा एकच खात्रीचा उपाय आहे: मालासाठी वेगळा रूळ. त्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २००६ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तिचा पश्चिम समर्पित मालवाहू मार्ग दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीएपर्यंत १५०६ किलोमीटरचा आहे. जपानच्या कर्जाने तो बांधला जातो आहे. बहुतेक ठिकाणी तो जुन्या रुळांना समांतर आहे. दिव्यासारख्या दाट वस्तीच्या ठिकाणी त्याला वेगळे वळण दिले आहे.

नव्या मार्गाचे वेगळेपण समजायला पुन्हा बेरीज करू. बीएलसी वाघिणीचा पृष्ठभाग रुळापासून सुमारे १.०१ मीटर उंच. मोठा कंटेनर २.९० मीटर उंच. एक कंटेनर ठेवला तर ३.९१ मीटर, आणि नेहमीची विजेची तार साधारण साडेपाच मीटरवर असते. गाडी आरामात जाते. कंटेनरवर कंटेनर ठेवला तर उंची ६.८१ मीटर होते, म्हणजे गाडी तारेत शिरेल. नव्या मार्गावर तार साडेसात मीटरवर नेली आहे. त्यामुळे विजेच्या इंजिनाने दुमजली कंटेनरगाडी ओढता येते.

आता दर गाडीमागे हिशेब करू. ४५ वाघिणींच्या गाडीत प्रत्येकी दोन, असे वीस फुटी ९० कंटेनर. दुमजली केले तर १८०. शिवाय नव्या मार्गावर गाडी दीड किलोमीटर लांब असू शकते, म्हणजे दोन गाड्या जोडल्यासारखे: ३६० कंटेनर. एका ट्रेलरवर असे दोन कंटेनर मावतात. म्हणजे एक गाडी महामार्गावरचे १८० ट्रेलर कमी करते. अहमदाबाद महामार्गावर वसई फाट्याला अडकलेल्या कोणालाही या आकड्याचे मोल सांगावे लागणार नाही.

७ जानेवारी २०२१ रोजी हरियाणा-राजस्थानातल्या भागात अशी दीड किलोमीटरची दुमजली गाडी धावली. आपल्या बाजूचे चित्र मात्र वेगळे राहिले. रेल्वे मंत्रालयाच्या २०२५ मधील माहितीनुसार पूर्व आणि पश्चिम मिळून २८४३ पैकी २७४१ किलोमीटर मार्ग सुरू झाला होता. उरलेले सारे १०२ किलोमीटर वैतरणा ते जेएनपीए या एकाच टप्प्यातले, म्हणजे वसई, भिवंडी आणि पनवेलच्या पट्ट्यातले. कारणे डोळ्यांसमोर आहेत. दाट वस्ती, खाडीची दलदल, डोंगर, आणि चालू रुळांच्या शेजारी थोड्या थोड्या वेळात करावे लागणारे काम. नळी शेवटच्या हातभर जागेत चोंदली तर आधीच्या लांबीचा उपयोग उरत नाही. बंदरापर्यंत न पोचलेल्या बंदरमार्गाचे तसेच आहे. तोवर जेएनपीएचा कंटेनर जुन्याच रुळांवरून वसईला येतो.

९. पुढे काय?

पालघर जिल्ह्यात आणखी एक मोठा बदल होऊ घातला आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराचा माल याच समर्पित मार्गावर येणार आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर वर्षाला दोन कोटींहून अधिक कंटेनर हाताळेल. या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. रेल्वेच्या मालाचे गणित मोठ्या बंदराच्या बाजूने झुकते. मासेमारीची जागा त्या गणितात कुठेच येत नाही. ती हिशेबात धरणे हे सरकारचे काम आहे, रेल्वेचे वेळापत्रक ते करणार नाही.

दुसरा बदल प्रवाशांच्या बाजूचा. वसई–दिवा–पनवेल मार्गावर दिवसभरात मोजक्याच मेमू गाड्या आहेत. जूचंद्र, कामण, खारबावच्या लोकांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. पनवेल–वसई उपनगरी मार्गिकेचा प्रस्तावही पुढे आला आहे. गाड्या वाढत नाहीत त्याचे कारण डब्यांची टंचाई एवढेच नाही. रूळ मालाने भरलेला आहे, हे मुख्य कारण.

म्हणून वसईकराने स्थानिक गाडीसाठी निवेदन देताना त्यात दोन ओळी वाढवाव्यात. नायगाव–जूचंद्र जोडणी आणि समर्पित मार्गाचा वैतरणा–जेएनपीए टप्पा कधी पूर्ण होणार, त्याची तारीख विचारावी. माल शेजारच्या रुळावर गेला की जुना रूळ मोकळा होईल, आणि मोकळा झालेला रूळ प्रवाशांना मिळावा, ही मागणी आजपासूनच करून ठेवावी. उशीर केला तर तिथेही मालगाडीच उभी दिसेल.